लिफ्टवाल्याची सोय

हॅलो? … हो, लिफ्ट दुरुस्तीवालाच बोलतोय. … कुठली बिल्डिंग? … हां, माहीत आहे. कुठे अडकलात? तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये? … ताई, आधी दाराला हात लावू नका. ओढू नका, ढकलू नका. काही होत नाही. … लाल घंटी दाबली? … वीस मिनिटं दाबताय?

… नाही हो, मला काहीच आलं नाही. … फोन हातातच होता… अहो, ऐका ना. घंटी ॲपवर येते, आणि ॲप आता दिवसाचं सगळं एकदम सांगतं. संध्याकाळी सहाला. … हो, तुमचं अडकणंसुद्धा.

… असं मी कशाला करून ठेवू? सोमवारी आपोआप झालं. 'आम्ही तुमच्या सूचना सोप्या केल्या.' आधी ॲपमध्ये कुठली सूचना कधी हवी त्याची तीस बटणं होती, आता एकच…

… काय म्हणालात? … तुम्ही केलंत? … म्हणजे ते ॲप तुमचं?

… बरं बरं. रडू नका. खरं सांगू, तक्रार माझीच होती. दिवा गेला, टिंग. दार घासतंय, टिंग. कान किटले होते. बायको म्हणायची, त्या फोनशीच संसार करा. … पण मी दिव्याचं नको म्हटलं होतं ताई, माणसांचं नव्हे.

मग माझा नंबर कुठून मिळाला? … आरशाखाली? अजून आहे तो कागद? तुमच्या ॲपवाल्यांनीच सांगितलं होतं, काढून टाका म्हणून. मी आळस केला.

(अगं, ताट झाकून ठेव माझं.)

… जरा मोठ्यानं बोला. … शेजारी कोण? … मोठे साहेब? … आणि त्यांनाच तुम्ही वर मीटिंगमध्ये हे नवं ॲप दाखवणार होतात? … मग झालं की दाखवून. … नोकरी कशी जाईल? द्या त्यांना, मी बोलतो. … द्या हो.

नमस्कार साहेब. … हो, फार सोपं झालंय. … मी बदलू? कुठे? एकच बटण, तेही आधीच दाबलेलं येतं. … विचारा ना ताईंना. … ॲपची दुरुस्ती पुढच्या महिन्यात? … मी? नाही नाही, मी आत्ताच निघालो, स्कूटरची किल्ली हातात आहे. पंधरा मिनिटं.

… साहेब… साहेब, ऐका. त्यांच्यावर आवाज चढवू नका. … चूक असेलही. माझंही ऐकूनच केलंय त्यांनी. … तसं नाही, आतला पंखा बंद आहे ना? मग रागवायचं ते बाहेर येऊन रागवा. … हो. ठेवतो.