‘आपण’मधून गळलेली माणसं

सन्माननीय अध्यक्ष, उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या अधिकारीबाई, व्यासपीठावरील पाहुणे, आणि समोर बसलेल्या माझ्या चिखलातल्या सोबत्यांनो,

एवढं कौतुक एका बैठकीत ऐकायची मला सवय नाही. अध्यक्ष म्हणाले, मेलेली पाणथळ जागा मी जिवंत केली. अध्यक्षमहाराज, आपला मान राखून सांगतो, मी काठावर उभा राहून हातवारे करत होतो. म्हणून तर या मंडळींनी माझं नाव बगळा ठेवलं. हसा, हसा, मला ते केव्हापासून ठाऊक आहे.

गाळ यांनी उपसला. लव्हाळ्याच्या चटया विणून पाण्यावर तरंगते वाफे यांनी सोडले आणि त्यांवर पुन्हा लव्हाळंच लावलं. मुळं पाण्यातली घाण ओढून घेतात. वर वाढलेलं लव्हाळं कापायचं, चटया विणून विकायच्या, परत वाढू द्यायचं. पाणी निवळलं आणि घरंही चालली. मग ही युक्ती बघायला लांबून पाहुणे येऊ लागले आणि माझ्या डोक्यात हवा गेली.

तोवर प्रत्येक सभेत माझा एकच शब्द असायचा, ‘आपण’. आपण गाळ काढू, आपण वाफे सोडू. गेल्या महिन्यात मात्र कार्यालयात आम्ही चौघं बसलो आणि काठाला कुंपण घालून लव्हाळं कापणं बंद करायचं ठरवलं. पक्ष्यांना त्रास नको, फोटोत पसारा नको. ते सांगायला मी याच सभागृहात उभा राहिलो आणि म्हणालो, “आम्ही असं ठरवलंय.”

विणणाऱ्यांच्या म्होरक्या असलेल्या मावशी उठल्या. “साहेब, ‘आपण’मधून आम्ही कधी गळलो?”

मी काय उत्तर दिलं असेल? घड्याळ पाहिलं आणि वेळ संपली म्हणालो. न कापलेलं लव्हाळं पाण्यातच कुजणार, पाणी पुन्हा नासणार, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. आज वास यायला लागलाय.

मघाशी आपण हे सन्मानचिन्ह दिलंत. लव्हाळ्याची विणलेली छोटीशी चौकट, फार सुरेख आहे. काठ बंद असताना लव्हाळं आणलं कुठून, असं मी मावशींना हळूच विचारलं. त्या म्हणाल्या, “घरातली निजायची चटई उसवली. तुम्हाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?” मंडळी, तेव्हापासून मला वर मान करवत नाहीये. मला लाज वाटते.

आज सकाळी कार्यालयात कुंपण काढा म्हणून सांगायला गेलो, तर शेवटच्या दिवशी तुमचे अधिकार संपले, असं मलाच ऐकवण्यात आलं. बाई, ते अधिकार आता आपल्याकडे येतायत. माझी हात जोडून विनंती आहे, चहा झाल्यावर कुणाला घरी जाऊ देऊ नका. जी सभा मी गुंडाळली, ती इथेच पुन्हा भरवा. मी खाली यांच्यात बसेन, जागा दिली तर.

संयोजकांचे आणि आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. कुंपण मात्र पोटात घालू नका.