विषय: इतर

एक्स-रेच्या रांगेत माझ्या पुढच्या बाकावर एक भाऊबहीण बसले होते. आत त्यांच्या आईचा हात तपासत होते.

"दादा, 'आई पडली' असं मी सकाळी सातलाच घरच्या ग्रुपवर टाकलं होतं."

"वर विषय नव्हता. बिनविषयाचं मी वाचत नाही. नियम सगळ्यांना सांगितलाय."

"घरचा ग्रुप आहे की सरकारी कचेरी? आणि नंतर विषय घालून पुन्हा टाकलं की!"

"'इतर' घातलास. 'इतर' मी रविवारी वाचतो."

"घाईत दुसरं सुचलं नाही रे. मग तू आलास कसा?"

"आईचा मेसेज आला. विषय: तब्येत. खाली: धाकटीचा मेसेज वाच."

"उजवा हात मोडलेला असताना तिने विषय लिहिला?"

"डाव्या हाताने लिहिला. शिस्त आहे तिला. तू बाबांवर गेलीस."