नाही म्हणालेलं कॉलेज

एमबीएच्या फॉर्मपायी डोकं पार बधिर झालंय राव. गेल्या वर्षी ज्या कॉलेजनं नाकारलं तिथंच परत भरू, का अजून एक वर्ष नोकरी करू? आन् उद्या शेवटची तारीख.

शेवटी गावाकडं, निरगुडसरला नानांना फोन लावला. नाना म्हणजे माझे चुलते, भावकीतली सगळी लग्नं जमवणारे.

"न्हाई म्हणलेल्या स्थळाला परत जायचं नसतं," नाना म्हणाले.

"नाना, कॉलेज आहे ते."

"आसंल. पण तुला न्हाई म्हणून दुसरं कुणी मिळालं का त्यांना?"

"मिळालं की. दरवर्षी नवीन घेतात."

"दरवर्षी? आन् आधीचे?"

"त्यांना दोन वर्षांनी सोडतात."

नानांनी आवाज खाली आणला.

"बाळा, तुझ्यात काय खोट न्हाई. आधी त्या घराची चौकशी कर."