पासष्टावा वासा

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्हीच नऊ वर्षांची आयझिरेक आहात. उन्हाळा लागलाय, मेंढ्या वरच्या कुरणावर आल्यात आणि बुरणुसाचं घर उभं राहतंय. शेजारच्या एर्मेकनं छपराचं गोल कडं, म्हणजे तुंदुक, बेचक्याच्या काठीवर तोलून धरलंय. आजी एकेक लाल वासा त्याच्या भोकात खोचतेय. चौसष्ट बसले. पासष्टावा तुंदुकापर्यंत पोचलाच नाही.

तेवढ्यात आजीच्या खिशातला फोन वाजला. आवाज नीट येतो तो फक्त मोठ्या खडकावर, म्हणून आजी तिकडे निघाली आणि आयझिरेक तिच्या मागोमाग. कारण आयझिरेकच्या खिशातही काहीतरी होतं, बोटभर लांब, लाल, लाकडी. खाली गावात राहिलेले आजोबा पलीकडून काय बोलतात ते तिला ऐकू येत नव्हतं. तुम्हालाही येणार नाही. चला, तिच्या शेजारी उभे राहा.

हॅलो?… हॅलो! अहो थांबा, चढू द्या मला… हां, बोला आता.

बसवल्या? मोटारसायकलीच्या दोन्ही स्प्रिंगा?… बरं… बरं… ब्रेक दाबला तरी नाक खाली घालत नाही? वा! नाहीतर शेळी पाण्याला वाकते तशी वाकायची… हो, गोल दिवा पुसला… हो हो, टाकीही पुसली. दुकानातून कोरी आणली आणि दिसते माझ्या बापाच्या गाडीसारखी, ठाऊक आहे मला. दुसऱ्या बायकोचं कौतुक संपलं असेल तर आता पहिलीचं ऐका.

इथे वासा कमी पडतोय… संख्येनं नाही हो, लांबीनं! पासष्टच्या पासष्ट आहेत, एक आखूड आहे… चांगला दीड वीत… उंदीर? उंदरानं करवत कुठून आणली? सरळ कापलाय, लोणी कापावं तसा… एर्मेकला काय विचारू? तो बिचारा मघापासून तुंदुक धरून उभा आहे… एर्मेक! सोडू नकोस रे बाबा, आलेच!… हॅलो? गप्प का झालात?

अहो… त्या नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा आखूड निघाल्या म्हणाला होतात ना तुम्ही?… मग वरची जागा कशानं भरलीत?… 'होतं काहीतरी' म्हणजे काय होतं?… लाकूड. कसलं?… वाळुंजाचं. सुकलेलं… बरं, आणि रंग कोणता होता त्या लाकडाचा?

लाल!

अहो, माझ्या आईच्या घराचा वासा कापून मोटारसायकलीत घातलात?… 'फक्त दोन तुकडे'! आणि ते कधी?… इकडे मी ट्रकवर सामान चढवतेय आणि तिकडे तुम्ही करवत चालवताय!… तेल आज मिळालं म्हणून आज बसवले, असं होय! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, माझा वासा तर चाकावर फिरायला निघाला!… काय? पुन्हा म्हणा… 'सत्तर वर्षं छप्पर पेललं, मग गाडीचं नाक का नाही पेलणार?' ऐकलंस का गं आयझिरेक, आजोबांचं शहाणपण?… अहो, तिच्याशी नाही, तुमच्याशीच बोलतेय. ती उभी आहे इथे… तिला कशाला देऊ फोन? माझं व्हायचंय अजून!

ते तुकडे भरीव आहेत की पोकळ?… भरीव… वासा भरीवच असतो, ते मलाही कळतं हो!

आता माझं ऐका… नाही, आधी ऐका. माझा बाप तीस वर्षं सामुदायिक शेतीच्या गॅरेजात गाड्या खोलायचा आणि दिवा मी धरायचे. स्प्रिंगवर बसवायची ती नळी. पोकळ नळी. का? फोर्कमध्ये, पुढच्या चाकाच्या त्या दोन दांड्यांत, तेलाच्या वर थोडी हवा लागते. गाडी दबली की तेल वर येतं आणि हवा आकसून त्याला जागा देते. तुमच्या लाकडानं ती जागा खाल्ली. मग तेलानं जायचं कुठे?… सांगा ना, कुठे?… ऑइल सील फोडून बाहेर! बरोबर. पोरीला विचारलं असतं तर तिनंही सांगितलं असतं… अहो म्हणूनच तर नाक वाकत नाही! स्प्रिंगांची करामत कसली, आत बूच मारलंय तुम्ही!

आणि वाळुंज ते, मऊ. तेलात भिजणार, दणके खाणार, चिरफळ्या होणार, आणि त्या जाऊन बसणार तेलाच्या बारीक भोकांत. मग घाटात ब्रेक दाबा आणि बघा मजा… नाही. हळू नाही आणि जोरात नाही. त्या गाडीवरून वर यायचंच नाही. सूनबाई बाळाला घेऊन ज्या गाडीतून येतेय, तिच्यात मागे बसा, पिठाच्या पोत्याशेजारी… पोतं तुमच्याहून शहाणं आहे, गप्प तरी बसतं.

आणि परत उघडाल तेव्हा आधी इंजिनाखाली ठोकळा लावून पुढचं चाक अधांतरी करा. झाकण तळहातानं दाबून धरा आणि मग फिरवा, नाहीतर स्प्रिंग झाकणासकट उडून दात पाडेल. उरलेत किती?… चार ना? मग जपा. पाण्याच्या जुन्या नळीचे दोन तुकडे कापा, कडा घासा, खाली वॉशर ठेवा. दोन्ही एकसारखे हवेत… 'साधारण' नाही! एकसारखे!

हं… हो, आता गाडीचं झालं. माझं काय?… अहो, ढग आलेत कड्यावर! बाळाचे चाळीस दिवस आज पुरे झाले, आज रात्री ते पहिल्यांदा या घरात झोपणार. वासा नाही तिथे बुरणूस खोलगट होतो, पाणी साचतं आणि बरोबर पाळण्यावर गळतं… काठी जोडू? आहे अक्कल! जोडली असती. मधे काठी घालून चामड्याच्या दोरानं आवळायला येतं मला. पण टोक कुठून आणू?… टोक हो, टोक! तुंदुकाच्या भोकात बसतं ते चौकोनी, निमुळतं टोक! आईनं एकेक टोक ज्याच्या त्याच्या भोकासाठी तासलं होतं. या उघड्या कुरणावर तसं लाकूड कोण देणार मला, मेंढ्या?

तुम्ही दोन तुकडे घेतलेत. टोक बारीक, ते काही स्प्रिंगवर बसायचं नाही. मग त्याचं काय केलंत?… काय?… खोकू नका, नीट बोला… चुलीत?

चुलीत घातलंत! आईच्या हातचं टोक! चहा तरी उकळला का त्याच्यावर?… नाही, ओरडत नाहीये मी. हा माझा साधा आवाज आहे… बरं, एक सांगा. करवत चालवताना वासा धरला कोणी?… कोणी नाही? वाईसच्या पकडीत?… तुमची वाईस गेल्या हिवाळ्यात मोडली… मग?… गुडघ्याखाली? कुठला गुडघा, जो वाकतच नाही तो?… पुन्हा खोकलात… बरं. एकट्यानं कापला. एकट्यानं जाळलं. पन्नास वर्षांत मला विचारल्याशिवाय बटाटा सोलला नाहीत, आणि हे सगळं एकट्यानं!… हॅलो? तुटतंय… कोणाला काही बोलू नको?… मी कुठे कोणाला काय बोलतेय? हॅलो?… अहो, पीठ विसरू नका! हॅलो!…

गेला फोन.

आजी तशीच उभी राहिली, कड्यावरच्या काळ्या ढगांकडे बघत. "तुझे आजोबा खोटं बोलायला लागले की खोकतात," ती म्हणाली. "आत्ता दोनदा खोकले."

आयझिरेकनं खिशातून मूठ बाहेर काढली, वाशाचं ते लाल, निमुळतं टोक आजीच्या तळहातावर ठेवलं, आणि आजीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत चामड्याचा दोर आणायला पळत सुटली.