स्केल्मर्शच्या छपरावरचं शिसं

— नाही, नाही, पोरी, ते आधी खोड. छप्पर गळत होतं म्हणून स्केल्मर्शची हवेली पाडली? कोण म्हणालं? माझ्या बापानं बसवलेले शिशाचे पत्रे होते वर, चाळीस वर्षं थेंब आत आला नाही — एनॉक थर्कल, प्लंबर, म्हणजे तेव्हा छपरांचं शिसकाम करणारा, हे नाव तुझ्या पुस्तकात यायला पाहिजे, तेवढ्यासाठीच तर तुला घरात घेतलं. चहा घे, गार होतोय. त्या बड्या लोकांचं लिहायला बरेच आहेत. बाहेर मेंढ्या चरतात ना, ती त्यांची बाग — त्याआधी तिथं आमचं गाव होतं. खिडकीतून झोपड्या दिसतात म्हणून मालकांच्या पणजोबांनी गाव उठवलं, तळं खोदलं, ओक लावले. कडक उन्हाळ्यात गवतावर जुन्या गल्ल्या उमटतात अजून. जाऊ दे. त्या घराण्यातली शेवटी हवेलीत उरली एकटी मिस ऑगस्टा. तिच्या भाच्याला सगळं विकायचं होतं, ती हलेना. मग दुसऱ्या युद्धानंतर पाणी शिरलं, छतं खचली — चोरांनी शिसं नेलं ना, तेव्हा सगळीकडेच नेत होते. कोण चोर? मला काय ठाऊक? बाप अंथरुणाला खिळलेला, रोज विचारायचा, छप्पर कसंय? मी म्हणायचो, कोरडं आहे.

थांब, त्या छपराचा तुकडाच दाखवतो. जड आहे, दोन्ही हातांनी धर. आम्हा प्लंबरांत रीत असते — काम पुरं झालं की शिशावर पाय ठेवायचा, बुटाभोवती रेघ कोरायची, आत नाव आणि साल. हा बापाचा बूट, एकोणीसशे अकरा. आणि काप बघ कसा सरळ आहे, बुटाला धक्का नाही, चोराला जमेल का असं —

काय? माझ्याकडे कसा आला?

मग काय, माझ्याच हातचा आहे. भाचा म्हणाला, उत्तरेकडचं शिसं तेवढं काढ, आत्या कंटाळून निघेल. नाही निघाली. बादल्या मांडून बसली. मलाच बोलावलं — ‘वॉल्टर, तुझ्या बापाचं काम आहे, ते दगा देणार नाही, एकदा वर बघून ये.’ मी वर गेलो, थोडा वेळ बसलो, खाली येऊन म्हणालो, सगळं ठीक आहे, मिस. लोक सांगतात छत अंगावर पडून गेली. खोटं आहे. ओल्या गादीत झोपायची, न्यूमोनिया झाला. जायला तीन आठवडे लागले.

छप्पर गळत नव्हतं, एवढं लिही. शिसं कुणी काढलं ते — लिही. नको. वही मिट. ऊठ तू आता. आणि फाटक ओढून घे, मेंढ्या आत येतात.