वरच्या मजल्याचा हिस्सा

उमरीच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक बाई आणि त्यांचे दीर नायगावच्या गाडीची वाट बघत होते.

"भावजी, स्लॅबवर ज्या सळया वर काढून ठेवल्यात ना, त्या आजच कापायच्या. त्यांच्या बुडातून पाणी झिरपायलंय. नायगावचा कटरवाला संगंच घेऊन येते."

"वैनी, त्या सळया वरच्या मजल्यासाठी हायत. वाटणीत खालचं घर तुमचं, वरचा मजला माझा."

"वरचा मजला हाय कुठं?"

"बांधला की होईल."

"मामंजींनी वाटणी केली तवापासून तुमचा मजला आभाळातच हाय."

"पुढंमागं पोरं येतील की गावात."

"सत्यम पुण्याला, पुनम हैदराबादला. मला हायत त्याच खोल्या जास्त व्हायल्यात. आपल्या गल्लीत आता माणसं कमी अन् कुलपं जास्त. समोरच्यांनी हौसेनं मजला चढवला, तिथं कबुतरं राहायलीत."

"तेवढीच तुम्हाला सोबत. पण सळया कापल्या की लोक म्हणतील, ह्यांचं घर वाढायचं थांबलं."

"मी बी कवाची थांबले वाढायची. मला कुणी काय म्हणलं का?"

"अवो वैनी, सळया म्हणजे उमेद असती."

"त्या उमेदीखाली पातेलं ठेवून झोपते मी."

गाडी लागली. बाई पिशवी उचलून निघाल्या.

"अन् मग माझा हिस्सा?"

"हाय तिथंच राहील. हवा थोडीच कापायलेय मी?"