कासवाच्या पाठीला ऊन

टेलरताई : आधी बाजूला व्हा. त्याच्या अंगावरचं ऊन अडवताय तुम्ही.

सेक्रेटरी : ताई, विषय बदलू नका. गच्चीचं कुलूप कुणी तोडलं?

टेलरताई : मी. हातोडीचे तीन घाव.

सेक्रेटरी : आणि हे तोंडावर सांगताय?

टेलरताई : मग काय, माघारी सांगू? तीन अर्ज दिले तुम्हाला. एकाचंही उत्तर नाही.

सेक्रेटरी : गच्ची गळते म्हणून ती बंद ठेवायचा ठराव झालाय. सर्वानुमते.

टेलरताई : कासव चाललं म्हणून गळते का?

सेक्रेटरी : प्रश्न शिस्तीचा आहे. आज कासव आलं, उद्या कुणी घोडा आणेल.

टेलरताई : चार मजले चढून आलाच घोडा, तर नव्या कुलपाचे पैसे मी देते.

सेक्रेटरी : थट्टा पुरे. दुकानाच्या खिडकीत ठेवा त्याला.

टेलरताई : तळमजल्यावर ऊन येतं कुठे? येतं ते काचेतून. काचेतलं ऊन कवचाला लागू पडत नाही, असं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.

सेक्रेटरी : मग औषध द्या काहीतरी.

टेलरताई : देते की. पालक कॅल्शियम अडवतो म्हणून तो बंद, बाकी पाल्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरते रोज. पण उन्हाशिवाय ती अंगी लागत नाही. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर अंगठा टेकवला, तर कवच दबलं हो. ओल्या पुठ्ठ्यासारखं. कासवाचं कवच!

सेक्रेटरी : वय झालं असेल.

टेलरताई : वयाचं काही नाही. आठ महिने न्हाणीघरात पडून होतं. कुणाच्या, ते तुम्हाला माहीत आहे.

सेक्रेटरी : ...तेव्हा बाबा आजारी होते, ताई. माझा एक पाय दवाखान्यात, एक ऑफिसात. त्यांना बघू, की त्यांच्या कासवाला बघू?

टेलरताई : त्यांनाच बघायचं होतं. मी कुठे नाही म्हणते?

सेक्रेटरी : आणि ते गेल्यावर तुम्हाला दिलंच ना मी?

टेलरताई : खोक्यात घालून दिलंत. वर म्हणालात, तळ्यात सोडून या. हे जमिनीवरचं कासव आहे. बुडून मेलं असतं.

सेक्रेटरी : मला काय ठाऊक!

टेलरताई : काकांना ठाऊक होतं. पँट कमरेत आवळून घ्यायला माझ्याकडे यायचे, तेव्हाही हे पिशवीत असायचं. तिथून थेट गच्चीवर. शेवटी जिना चढवेना, तर मला म्हणाले, मुलाला सांगितलंय, तो नेईल.

सेक्रेटरी : म्हणाले होते मला. ...दोनदा म्हणाले होते.

टेलरताई : तुम्हाला बोल लावायला मी चार मजले चढले नाही. पण कुलूप परत लावलंत तर परत तोडीन.

सेक्रेटरी : दंड होईल. नोटीस निघेल.

टेलरताई : काढा. त्यात लिहा, बाईने कुलूप तोडलं, कासव वर नेलं, आणि उद्याही नेणार म्हणाली. सही इथेच करते. पेन द्या.

सेक्रेटरी : भलत्याच हट्टी आहात.

टेलरताई : आहे.

(सेक्रेटरी कासवाजवळ उकिडवे बसतात.)

सेक्रेटरी : हात लावू?

टेलरताई : कडेला. मध्ये मऊ आहे अजून.

सेक्रेटरी : बरं होईल का हे?

टेलरताई : वाकडं झालंय ते वाकडंच राहील. नवीन येईल ते घट्ट येईल, म्हणाल्या. वर्ष लागेल.

सेक्रेटरी : वर्षभर रोज चढणार? तुमचे गुडघे तर कुरकुरतात.

टेलरताई : कुरकुरू देत.

सेक्रेटरी : ...बाबा कुठे बसायचे?

टेलरताई : तिथे, टाकीला टेकून. टोपी डोळ्यांवर ओढून.

सेक्रेटरी : उद्या कमिटीच्या लोकांना वर आणतो. त्यांनाही कळू दे, कवच कसं दबतं ते.

टेलरताई : अंगठा कुणालाही लावू देणार नाही. तुम्ही सांगा त्यांना तोंडाने.

सेक्रेटरी : सांगेन. पण ऐकतीलच असं नाही.

टेलरताई : नाही ऐकलं तर नाही. आठ वाजता मी इथे असणार. तुम्ही येताना नोटीस आणा, नाहीतर पाला आणा.

सेक्रेटरी : कुठला पाला?

टेलरताई : पालक सोडून कुठलाही.